तीस तास युद्ध, तीस वर्षं गुन्हेगारी

२३ जानेवारी १९८९. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्सच्या वेशीवरच्या ला तबलादा या लष्करी छावणीत ४२ सशस्त्र माणसं घुसली. लष्करातले काही जण बंडाच्या तयारीत आहेत आणि ते बंड आपण हाणून पाडतोय, असा त्यांचा दावा होता. सरकारने फौज धाडली. साधारण ३० तास लढाई चालली. हल्लेखोरांपैकी २९ जणांचा आणि सरकारी बाजूच्याही काही जणांचा जीव गेला. आंतरअमेरिकी मानवाधिकार आयोगाने पुढे या घटनेचा तपशील बारकाईने तपासला आणि १९९७मध्ये निष्कर्ष दिला: ते ३० तास म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने सशस्त्र संघर्ष होता. दंगल नव्हे, दरोडा नव्हे. युद्धाचे नियम जिथे लागू होतात, असा संघर्ष.

आता उत्तर आयर्लंड. १९६९मध्ये ब्रिटिश सैन्य तिथल्या रस्त्यांवर उतरलं. पुढची तीन दशकं बाँबस्फोट, घातपात, गोळीबार चालू राहिले आणि ३,५००च्या आसपास माणसं मेली. तरीही तिथे सशस्त्र संघर्ष चालू आहे, असं ब्रिटिश सरकारने कधीही मान्य केलं नाही. त्यांच्या लेखी ती गुन्हेगारी होती, दहशतवाद होता. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांनी हाताळायची गोष्ट.

३० तासांची चकमक युद्धाच्या कायद्यात बसते आणि ३० वर्षांचा रक्तपात बसत नाही, हे कसं? या कोड्याच्या मागे मागे गेलं की एक विलक्षण यंत्रणा समोर येते. भांडणात न्याय्य बाजू कुणाची, हे न विचारणारा हा कायदा आहे. त्याचे प्रश्न दोनच: इथे प्रत्यक्षात काय चाललंय, आणि कुणाकुणात? उत्तर मिळालं की तो त्या हिंसेला एका वर्गात घालतो. पकडलेल्या माणसाला तुरुंगात टाकायचं की छावणीत ठेवायचं, त्याच्यावर खुनाचा खटला भरायचा की लढाई थांबल्यावर त्याला घरी पाठवायचं, हे सगळं त्या वर्गावर ठरतं.

त्या वर्गासाठी माणसं जीवही देतात. ब्रिटनने १९७२मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनांच्या कैद्यांना एक खास दर्जा दिला होता. तुरुंगाचे कपडे घालायची सक्ती नव्हती, काम करायची सक्ती नव्हती. मार्च १९७६पासून घडलेल्या गुन्ह्यांसाठी हा दर्जा बंद झाला. कैदी आधी अंगावर नुसती घोंगडी पांघरून बसले आणि १९८१मध्ये त्यांनी उपोषण धरलं. बॉबी सँड्ससह दहा जण अन्नावाचून मेले. कपडे, काम, भेटी, पत्रं अशा त्यांच्या मागण्या वरवर किरकोळ दिसतात. त्यांच्या तळाशी एकच मागणी होती: आम्हाला गुन्हेगारांच्या रांगेत बसवू नका.

नोटीस देऊन करायचं युद्ध

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्गीकरणाची कटकट फारशी नव्हती. १९०७मध्ये हेगच्या परिषदेत राष्ट्रांनी करार केला की आधी स्पष्ट इशारा दिल्यावाचून लढाई सुरू करायची नाही. युद्ध ही एक कायदेशीर अवस्था होती. जाहीर केलं की सुरू, तह केला की खलास. पण यात पळवाट उघडीच होती. युद्धाचे नियम नको असतील तर युद्ध जाहीरच करायचं नाही. जपानने १९३७मध्ये चीनवर आक्रमण केलं, शांघाय घेतलं, नानजिंगमध्ये भीषण कत्तल केली आणि सरकारी कागदांत या सगळ्याला ‘चीन प्रकरण’ म्हटलं. दोन देशांत रीतसर युद्ध पुकारलं गेलं ते थेट डिसेंबर १९४१मध्ये, आणि तेही चीनने.

ही पळवाट बुजवली गेली जिनिव्हात. त्या शहराला या कामाची सवय होती. १८५९मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या रणांगणावर हजारो जखमी सैनिक तडफडत पडलेले हेन्री ड्युनांट या स्विस व्यापाऱ्याने पाहिले. त्यातून रेडक्रॉस उभी राहिली आणि १८६४मध्ये दहा कलमांचा पहिला जिनिव्हा करार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १२ ऑगस्ट १९४९ रोजी, त्या दहा कलमांची ४२९ झाली. चार करार: जमिनीवरचे जखमी सैनिक, समुद्रावरचे जखमी आणि जहाज बुडालेले, युद्धकैदी आणि नागरिक. आज जगातली १९६ राष्ट्रं त्यांना बांधलेली आहेत. भारत १९५०पासून.

या चारही करारांत एकसारखं छापलेलं कलम २ हा सगळ्या रचनेचा कणा आहे. ते म्हणतं, दोन सदस्य राष्ट्रांमध्ये सशस्त्र संघर्ष उद्भवला की करार लागू. एका बाजूने युद्धाची अवस्था मान्य केली नसली तरी लागू. पुढे आणखी एक वाक्य येतं. परक्या सैन्याने एखादा प्रदेश व्यापला आणि तिथे कुणी साधा प्रतिकारही केला नाही, तरीसुद्धा लागू. हिटलरच्या फौजा १९३९मध्ये जवळपास एकही गोळी न झाडता प्रागमध्ये शिरल्या होत्या. ती आठवण तेव्हा ताजी होती.

जुन्या पद्धतीच्या पीकपाहणीत तलाठी बांधावर येऊन उभं पीक पाहायचा. मालकाने तोंडी काय सांगितलं, यापेक्षा रानात काय उगवलंय ते महत्त्वाचं. १९४९ने युद्धाच्या बाबतीत नेमकी हीच रीत आणली. सरकारं ‘कारवाई’ म्हणोत, ‘मोहीम’ म्हणोत, नाहीतर काहीच न म्हणोत.

एका कैद्याचं युद्ध

राष्ट्राराष्ट्रांतल्या संघर्षाला किमान मर्यादा किती? किती दिवस, किती मृत्यू? करारांवर रेडक्रॉसने काढलेल्या भाष्यात, ज्याचं संपादन ज्याँ पिक्ते यांनी केलं, याचं उत्तर आहे: काहीच नाही. संघर्ष किती काळ चालला किंवा किती रक्त सांडलं, याने फरक पडत नाही. एक सैनिक शत्रूच्या हाती सापडला, तरी करार जागा होतो.

हे कागदावरचं तत्त्व वाटेल, पण आपण ते टीव्हीवर पाहिलेलं आहे. मे १९९९मध्ये कारगिलच्या आकाशात फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ विमानाचं इंजिन बंद पडलं, ते पॅराशूटने उतरले आणि पाकिस्तानच्या हाती सापडले. युद्ध कुणीही जाहीर केलेलं नव्हतं. शिखरांवर आपले सैनिक नाहीतच, असं तर पाकिस्तान जगाला सांगत होता. तरी आठवडाभरात नचिकेता यांना इस्लामाबादमध्ये रेडक्रॉसच्या स्वाधीन करण्यात आलं. फेब्रुवारी २०१९मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पकडले गेले आणि त्यांचा रक्ताळलेला चेहरा व्हिडिओंमधून सगळीकडे फिरला. भारताने तेव्हा जिनिव्हा कराराचाच हवाला देऊन निषेध नोंदवला, कारण युद्धकैद्याला लोकांच्या कुतूहलापुढे तमाशासारखं उभं करायला तिसरा करार मनाई करतो. तिसऱ्या दिवशी ते वाघा-अटारी सीमेवरून परतले.

या वर्गात पडलेल्या सैनिकाला जे मिळतं, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. पहिली गोष्ट म्हणजे, युद्धाचे नियम पाळून त्याने शत्रूचे सैनिक मारले असतील, तर ते खून ठरत नाहीत. हाती सापडल्यावर त्याबद्दल त्याच्यावर खटला भरता येत नाही. त्याला धरून ठेवायचं ते पुन्हा लढायला जाऊ नये म्हणून. ती शिक्षा नव्हे. चौकशीत त्याच्यावर नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक एवढंच सांगायचं बंधन. तंबाखू ओढायची परवानगी. छावणीत कँटीन. दरमहा आगाऊ पगार, तोही हुद्द्याप्रमाणे: सार्जंटच्या खालच्याला ८ स्विस फ्रँक, जनरलला ७५.

आणि मग पलायनाची कलमं! कैद्याने पळायचा प्रयत्न करणं हे जणू त्याचं कामच आहे, असं हा करार गृहीत धरतो. पकडला गेला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, जास्तीत जास्त ३० दिवस. त्यासाठी खोटी कागदपत्रं केली, साधे कपडे घातले, तरी तेवढीच. पळून जाऊन तो स्वतःच्या सैन्याला मिळाला आणि नंतर पुन्हा सापडला, तर आधीच्या पलायनाबद्दल काहीच शिक्षा नाही. १९७१च्या युद्धात विमान पडून पाकिस्तानच्या हाती सापडलेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांनी ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या साथीदारांसह ऑगस्ट १९७२मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पळ काढला. तिघं खैबरच्या बाजूला, अफगाण सीमेच्या अगदी जवळ, पकडले गेले. वेगळ्या वर्गात असते तर तुरुंग फोडल्याचा गुन्हा, खोटी ओळख सांगितल्याचा गुन्हा, अशी यादीच लागली असती. युद्धकैदी असल्यामुळे डिसेंबर १९७२मध्ये इतर कैद्यांसोबत ते भारतात परतले.

गोवा: एका घटनेची दोन नावं

कोण बरोबर हे न विचारणाऱ्या कायद्याचं रूप आपल्या शेजारीच फार स्वच्छ दिसलं. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि १९ तारखेला पोर्तुगीज फौजा शरण आल्या. भारताची भूमिका होती की गोवा हा भारताचाच भाग, परक्या सत्तेने बळकावलेला; आपण तो मुक्त करतोय. पोर्तुगालची भूमिका होती की गोवा हा आमचा सागरापारचा प्रांत; हे उघड आक्रमण आहे. दोघांच्या मधे उभं राहायलाही जागा नव्हती.

जिनिव्हा कराराला त्या जागेची गरजच पडली नाही. दोन राष्ट्रांची सैन्यं भिडली, एवढं त्याला पुरलं. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांच्यासह तीन हजारांहून जास्त माणसं युद्धकैदी झाली, गोव्यातल्या छावण्यांत राहिली आणि मे १९६२मध्ये पोर्तुगालकडे रवाना झाली. कैद्याला युद्धकैदी मानल्याने भारताने आपली भूमिका सोडली असं झालं नाही, आणि पोर्तुगालची भूमिका खरी ठरली असंही नाही. नियम फक्त न्याय्य बाजूला लागू करायचे म्हटले, तर प्रत्येक बाजू स्वतःलाच न्याय्य समजते आणि नियम कुणालाच लागू होत नाहीत. युद्ध करणं योग्य होतं का, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा. युद्धात माणसाशी कसं वागायचं, हा जिनिव्हाचा. या दोन्हींमधली भिंत मुद्दाम बांधलेली आहे.

गोव्याची गोष्ट एवढ्यावर संपली नाही. युद्ध सुरू कधी होतं, याइतकंच ते संपतं कधी, हेही वर्गीकरण आहे. गोव्यात जन्मलेल्या एका पाद्र्याने भारतीय नागरिकत्व नाकारून पोर्तुगीज राहणं पसंत केलं. राहण्याच्या परवान्याची मुदत १९६४मध्ये संपली. नवा परवाना त्यांनी मागितला नाही आणि परकीय नागरिकांच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. त्यांच्या बाजूने झालेला युक्तिवाद धाडसी होता: गोवा हा अजूनही लष्कराने व्यापलेला प्रदेश आहे, आणि चौथा जिनिव्हा करार व्याप्त प्रदेशातल्या माणसाला तिथून हलवायला मनाई करतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये या युक्तिवादाची थट्टा केली नाही. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी कराराची कलमं आणि त्यांवरचं भाष्य उलगडून तपासलं. व्याप्ती ही तात्पुरती स्थिती असते, असं त्यांनी मांडलं. लढाईचा निकाल अजून लागायचा असतो आणि जुनी सत्ता परत येऊ शकते, तोवरची. घाईघाईने प्रदेश जोडून घेतल्याने तिथल्या माणसांचं संरक्षण संपत नाही, हे करारात आहेच. पण तो नियम लढाई चालू असतानाच्या काळासाठी. गोव्यात लढाई संपली होती, पोर्तुगीज सत्ता गेली होती आणि घटनादुरुस्तीने गोवा भारतीय संघराज्यात सामील झाला होता. व्याप्तीच उरली नाही, म्हणून करारही उरला नाही. अपील फेटाळलं गेलं.

घरातल्या युद्धासाठी एकच कलम

इथवर गोष्ट राष्ट्राराष्ट्रांची झाली. पण लढाई सरकार आणि त्याच देशातल्या बंडखोरांमध्ये असेल तर? १९४९ला स्पेनच्या यादवीची जखम भरलेली नव्हती. रेडक्रॉसची इच्छा होती की सगळे करार यादवीलाही लागू व्हावेत. सरकारं बिथरली. उद्या बंडखोराला युद्धकैदी म्हणायचं? त्याला आपला सैनिक मारायचा हक्क द्यायचा? बऱ्याच ओढाताणीनंतर उरलं ते एकच कलम, चारही करारांत सारखं छापलेलं कलम ३.

ते छोटं आहे आणि कणखर आहे. जो लढत नाही, किंवा ज्याने शस्त्र टाकलंय, जो जखमी किंवा कैद आहे, त्याला मारायचं नाही, त्याचा छळ करायचा नाही, त्याला ओलीस धरायचं नाही, त्याची विटंबना करायची नाही. रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा द्यायची नाही. जखमींना उचलून आणायचं आणि त्यांची शुश्रूषा करायची. हे सरकारलाही लागू आणि बंडखोरांनाही. मात्र युद्धकैदी हा दर्जा यात नाही. बंडखोराने सैनिक मारला तर त्याच्यावर खुनाचा खटला होऊ शकतो. एकच बंदूक, एकच गोळी, आणि मारणाऱ्याच्या पाठीशी राष्ट्र आहे की नाही यावर तो सैनिक की खुनी हे ठरतं! कलमाच्या शेवटी सरकारांच्या समाधानासाठी एक वाक्य आहे: हे कलम लागू झाल्याने कुणाचाही कायदेशीर दर्जा बदलत नाही.

मग दंगल कुठे संपते आणि संघर्ष कुठे सुरू होतो? कलम ३ याबद्दल चकार शब्द काढत नाही. ही रेघ आखली गेली ४६ वर्षांनी, आणि तिला निमित्त झाला एका आरोपीचा बचाव. बोस्नियातल्या कोझाराट्स गावात कॅफे चालवणारा आणि कराटे शिकवणारा दुश्को तादिच हा बोस्नियन सर्ब. प्रियेदोर भागातल्या ओमारस्कासारख्या छावण्यांत मुस्लिम कैद्यांवर केलेल्या अत्याचारांसाठी तो हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणापुढे उभा होता. त्याच्या बाजूचा एक मुद्दा असा, की माझ्यावरचे आरोप राष्ट्राराष्ट्रांच्या युद्धातल्या गुन्ह्यांचे आहेत, आणि मी होतो तिथे तसं युद्धच नव्हतं.

अंतोनियो कासेसे यांच्या अध्यक्षतेखालच्या अपील पीठाने २ ऑक्टोबर १९९५ रोजी उत्तर दिलं आणि त्यातलं एक सूत्र आज जगभर वापरलं जातं. राष्ट्रांनी एकमेकांवर सशस्त्र बळ वापरलं की संघर्ष आहे. देशांतर्गत मात्र दीर्घकाळ चाललेली सशस्त्र हिंसा हवी, आणि ती सरकार व संघटित गट यांच्यात किंवा अशा गटागटांत चाललेली हवी. याच निकालात पीठाने आणखी एक दार उघडलं: परक्यांशी लढताना जे अमानुष म्हणून निषिद्ध आहे, ते आपल्याच माणसांशी लढताना माणुसकीचं कसं ठरेल?

या सूत्रातून दोन मोजपट्ट्या निघाल्या: तीव्रता आणि संघटन. कोसोव्हो आणि मॅसिडोनियाच्या खटल्यांत न्यायाधीश त्या हातात घेऊन बसले. तीव्रता कशी मोजायची? चकमकी किती आणि किती काळ, शस्त्रं कुठली, दारूगोळ्याचा आकार केवढा, पोलीस पुरले की सैन्य बोलवावं लागलं, किती घरं पडली, किती लोक गाव सोडून गेले, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दखल घेतली का. संघटन कसं? वरून हुकूम येतो का, शिस्तीचे नियम आहेत का, मुख्यालय आहे का, भरती आणि प्रशिक्षण होतं का, पत्रकं एका नावाने निघतात का, शस्त्रसंधी करायची तर कुणाशी बोलायचं हे ठाऊक आहे का. डोंगरात लपलेल्या बंडखोरांची पत्रकं आणि शिस्तीचे हुकूम हेगच्या न्यायालयात पुरावा म्हणून चाळले जातात!

‘दीर्घकाळ’ हा शब्द घड्याळाने मोजायचा नाही, हे ला तबलादाने दाखवलं. आयोगाने पाहिलं की हल्ला आखून, ठरवून, लष्करी ठाण्यावर झाला आणि सैन्य थेट लढाईत उतरलं. तेवढं पुरलं. या निष्कर्षाला दोन्हीकडून धार होती. लढत असेपर्यंत हल्लेखोरांवर गोळी झाडणं कायदेशीर होतं. शरण आल्यावर त्यांना हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती, आणि पकडलेल्यांपैकी काहींना ठार मारल्याबद्दल आयोगाने अर्जेंटिनाला दोषी धरलं.

मग उत्तर आयर्लंडचं काय? तिथे पाहणी करायला कुणी बांधावर उतरलंच नाही. हा या यंत्रणेतला सगळ्यात मोठा विरोधाभास आहे. वर्गीकरण सत्य परिस्थितीवर ठरतं, पण ते ठरवणारं कायमचं कार्यालय जगात कुठेही नाही. एखादं न्यायालय, एखादा आयोग, बऱ्याचदा रेडक्रॉस आपापलं मत बनवतात. तोवर सरकारचा शब्दच चालतो. ब्रिटनने १९९८मध्ये जिनिव्हा करारांच्या एका पूरक कराराला मान्यता देतानाही लेखी बजावलं की दहशतवादासह साध्या गुन्ह्यांना सशस्त्र संघर्ष म्हणता येणार नाही. आपल्याकडे गडचिरोलीची फाइलही संरक्षण मंत्रालयात नसते, गृह मंत्रालयात असते, आणि पकडलेल्या नक्षलवाद्यावर देशाच्या फौजदारी कायद्याखालीच खटला चालतो. फाइल कुठल्या मंत्रालयात ठेवायची, हेही वर्गीकरणच आहे.

पगार कोण देतं?

१९७७मध्ये दोन पूरक करार झाले. पहिल्याने वसाहतवादी सत्ता, परकी व्याप्ती आणि वंशवादी राजवट यांच्याविरुद्धच्या मुक्तिलढ्यांना थेट राष्ट्राराष्ट्रांच्या युद्धाच्या पंक्तीला बसवलं. दुसऱ्याने यादवीसाठी जास्त नियम दिले, पण उंबरठाही वाढवला: बंडखोरांच्या ताब्यात काही भूभाग हवा. भारत या दोन्ही करारांत सामील नाही. पहिल्या करारात मुक्तिसंघटनांसाठी एक दार आहे. नियम पाळायची घोषणा त्यांनी करार सांभाळणाऱ्या स्वित्झर्लंडकडे पाठवायची. ते दार सर्वांत आधी उघडलं २०१५मध्ये, पश्चिम सहारातल्या पोलिसारिओ आघाडीसाठी.

खरी गुंतागुंत होते ती बंडखोरांच्या पाठीशी परकं राष्ट्र असतं तेव्हा. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली होती. १९८६मध्ये निकाल लागला तेव्हा न्यायालयाचे अध्यक्ष भारताचे नगेंद्र सिंह होते. त्या निकालात एकाच भूमीवर दोन वेगळे संघर्ष दिसले. निकाराग्वाचं सरकार आणि काँत्रा बंडखोर यांच्यातला देशांतर्गत. बंदरांत सुरुंग पेरणारी अमेरिका आणि निकाराग्वा यांच्यातला आंतरराष्ट्रीय. काँत्रांना अमेरिकेचा पैसा होता, प्रशिक्षण होतं, शस्त्रं होती. तेवढ्याने काँत्रांच्या कृत्यांना अमेरिका जबाबदार ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्यासाठी त्या त्या कारवाईवर अमेरिकेचं प्रत्यक्ष नियंत्रण दिसायला हवं होतं.

तादिचच्या खटल्यात हाच प्रश्न पुन्हा आला. १९ मे १९९२ रोजी युगोस्लाव्ह सैन्य बोस्नियातून कागदोपत्री निघून गेलं. मागे उरलं बोस्नियन सर्बांचं सैन्य: बहुतेक तेच अधिकारी, तीच शस्त्रं, आणि अधिकाऱ्यांचा पगार बेलग्रेडमधूनच. हे वेगळं सैन्य मानायचं की त्याच सैन्याचा हात? १९९७मध्ये खटला चालवणाऱ्या पीठाने निकाराग्वाची कसोटी लावून वेगळं मानलं, आणि जिनिव्हा करारांच्या गंभीर भंगाच्या आरोपांतून तादिच सुटला. १९९९मध्ये अपील पीठाने कसोटीच बदलली. प्रत्येक कारवाईचा हुकूम दाखवायची गरज नाही. पैसा, साधनं आणि आखणी यांतून एकूण नियंत्रण दिसलं तरी पुरे. एका फटक्यात तो संघर्ष आंतरराष्ट्रीय ठरला आणि त्याच कृत्यांसाठी तादिच दोषी ठरला. सात वर्षांपूर्वी घडून गेलेल्या गोष्टींतली एकही बदलली नव्हती. बदलला होता तो त्यांचा वर्ग.

कोऱ्या जागेचं सामर्थ्य

आणि ज्या संघर्षाला देशच नाही, त्याचं काय? २००१नंतर अमेरिकेने अल-कायदाशी युद्ध पुकारलं. सरकारचा तर्क बिनतोड वाटत होता. अल-कायदा हे राष्ट्र नाही, म्हणून राष्ट्राराष्ट्रांचे नियम नाहीत. लढाई जगभर पसरलेली आहे, म्हणून ती देशांतर्गतही नाही, आणि कलम ३सुद्धा लागू नाही. दोन वर्गांच्या मधली भेग शोधून माणसं तिच्यात टाकली गेली, ग्वांतानामोला.

त्यांतला सलीम हमदान हा ओसामा बिन लादेनचा ड्रायव्हर, मूळचा येमेनचा. त्याचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि जून २००६मध्ये न्यायालयाने कलम ३ अक्षरशः वाचलं. ते लागू होतं आंतरराष्ट्रीय स्वरूप नसलेल्या संघर्षाला. आंतरराष्ट्रीय म्हणजे राष्ट्राराष्ट्रांतला. जो राष्ट्राराष्ट्रांतला नाही, तो दुसऱ्या वर्गातला, मग तो भूगोलात कुठेही पसरो. मधे भेग नाहीच. हमदानसाठी उभारलेलं खास लष्करी आयोगाचं न्यायालय कलम ३मधल्या रीतसर न्यायालयाच्या अटीत बसत नाही, म्हणून ते बेकायदा ठरलं.

हे शक्य झालं ते १९४९च्या एका न घेतलेल्या निर्णयामुळे. देशांतर्गत संघर्ष म्हणजे काय, याची व्याख्या आणि अटी कलम ३मध्ये घालायचे कितीतरी प्रस्ताव तेव्हा आले होते: बंडखोरांकडे भूभाग हवा, जबाबदार नेतृत्व हवं, सरकारची मान्यता हवी. एकमत होईना, म्हणून सगळे मागे पडले आणि व्याख्येची जागा कोरी राहिली. तेव्हा ही तडजोड वाटली असेल. पण लिहिलेल्या व्याख्येच्या बाहेर उभं राहायला सरकारांना वेळ लागत नाही, हे १९०७च्या कराराचं जे झालं त्यावरून दिसतंच. कोऱ्या जागेच्या बाहेर मात्र उभं राहता येत नाही. त्या जागेत पुढे प्रियेदोरच्या छावण्या मावल्या, ला तबलादाचे ३० तास मावले. १९४९मध्ये कुणी व्याख्या लिहून ठेवली असती, तर तिच्यात स्पेनची यादवी नेमकी बसली असती, आणि येमेनचा तो ड्रायव्हर कुठल्याच कलमात बसला नसता.